एका डब्यात दोन बिऱ्हाडं: विंडोजशेजारी लिनक्स

मी काही संगणक इंजिनिअर नाही. मिरजेत आमचा लहानसा छापखाना आहे. मिस्टर ऑफसेट मशिन बघतात आणि मी १९९८ पासून डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी) करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, दहाव्याची पत्रं. गेल्या पावसाळ्यात माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली) बसवलं, मग ओळखीतल्या तिघा प्रेसवाल्यांनी विचारलं आणि त्यांनाही फोनवरून बसवून दिलं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाच लिहून काढते. कमांडसुद्धा फोनवर सांगते तशाच लिहिल्यात.

आधी दोन्ही कशाला हवीत ते. विंडोज मला सोडता येत नाही. पंचवीस वर्षांच्या पत्रिका कोरल ड्रॉमध्ये आहेत, आणि त्यातली अक्षरं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण पोटात इंग्रजी अक्षराचा नंबर असतो. फॉन्ट काढला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी चिन्हांची मिसळ. शिवाय त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल (यूएसबीत खोचायची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही आणि माझ्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा आहे.

दुसरीकडे, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेवढंच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझा आय-फाइव्ह सहाव्या पिढीचा. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, वर एक टीबीची जुनी हार्ड डिस्क. मशिन ठणठणीत आहे. चालत्या बैलाला नुसतं वय झालं म्हणून बाजार दाखवायचा, हे मला पटेना.

म्हणून कामाची वाटणी केली. विंडोज छपाईपुरतं, इंटरनेट बंद करून. बाहेरच्या जगाशी जे काही येतं ते लिनक्सवर: मेल, बँक, जीएसटीचं रिटर्न, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. लग्नसराईत माझ्या टेबलावर रोज दहाबारा परके पेनड्राइव्ह येतात. ज्या व्हायरसमुळे फोल्डर गायब होऊन नुसते शॉर्टकट दिसतात, तो लिनक्समध्ये अगदी केविलवाणा दिसतो. लपवलेले फोल्डर समोर उघडे, आणि शॉर्टकटवर कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही.

आधी माझी फजिती

२०१९ मध्ये मी हा प्रयोग एकदा केला होता आणि तोंडावर पडले होते. तेव्हाच्या मशिनमध्ये ५०० जीबीची एकच डिस्क होती आणि ती बसवणाऱ्याने सी आणि डी असे बरोबर निम्मे भाग केले होते, २३२-२३२ जीबी. सी मध्ये विंडोज, डी मध्ये बारा वर्षांच्या पत्रिका. ठरवलं होतं की डी मधला माल बाहेर काढायचा, डी लहान करायचा आणि उरलेल्या जागेत लिनक्स. माल बाहेर काढायचा राहिला. “आधी इन्स्टॉलर कसा दिसतो ते तर बघू,” म्हणत पुढे गेले.

लिनक्स सी, डी ही नावं ओळखत नाही. तिथे एसडीए१, एसडीए२ अशी नावं असतात. नव्या एसएसडीला तर एनव्हीएमई आणि पुढे आकड्यांची माळ. दोन भाग सारख्याच मापाचे. मी एक निवडला, फॉरमॅटच्या चौकोनात टिक केली आणि पुढे गेले. विंडोज शाबूत राहिलं. पत्रिका गेल्या. छापलेल्या नमुन्यांची फाइल होती म्हणून निम्मा माल परत टाइप करता आला. दिवाळीपर्यंत तेच करत बसले होते.

त्यातून लागलेली सवय सांगते. आता मी सुरुवातीलाच एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर डिस्कचा सातबारा उतरवते. कुठली डिस्क, किती जीबीची, तिच्यात कोणते तुकडे, प्रत्येकाचं माप, नाव आणि त्यात काय आहे. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की हे सगळं दिसतं. माझ्या सध्याच्या पत्रिकेवर असं आहे: “एसएसडी, २३८ जीबी (२५६ म्हणून विकतात, विंडोज २३८ दाखवतं). पहिला तुकडा १०० एमबी, ईएफआय (मशिन सुरू करणाऱ्या फायलींचा), हात लावायचा नाही. सी, २३७, विंडोज. शेवटी ५०० एमबी, रिकव्हरी. हार्ड डिस्क, ९३१ जीबी, सगळी डी, पत्रिका.” दोन तुकडे सारख्या मापाचे असतील तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन त्यांना वेगवेगळी नावं द्या. इन्स्टॉलरमध्ये नाव दिसेलच असं नाही, म्हणून किती भरलंय तोही आकडा लिहा. तो दिसतो.

विंडोजमध्ये करायची कामं

लिनक्स बसवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याच्या आधीच्या तयारीला मी अख्खा दिवस ठेवते आणि तो दिवस आषाढातला असतो. तेव्हा मुहूर्त नसतात, फोन वाजत नाही. सोमवार नको. आमच्याकडे देखभालीसाठी त्या दिवशी वीज जाते. डिस्कचे तुकडे करताना वीज गेली तर काय होतं ते बघायची हौस नको. यूपीएस असला तरी नको, लॅपटॉप असला तर चार्जर लावूनच.

पहिलं काम, बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशिनला लावून चारदोन फायली उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नसतं. मग ती डिस्क काढून कपाटात. काम चालू असताना मशिनला लावलेली बॅकअपची डिस्क म्हणजे इन्स्टॉलरच्या यादीत आणखी एक बळी.

दुसरं, मशिन कोणत्या पद्धतीने सुरू होतं ते बघा. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’समोर काय आहे ते वाचा. ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) असेल तर उत्तम, पुढचं सगळं त्यासाठीच आहे. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर तेही पत्रिकेवर लिहा, कारण पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा लागेल. एक बिऱ्हाड यूईएफआयवर आणि दुसरं लेगसीवर असलं की सुरुवातीच्या मेनूमध्ये दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. लेगसीवाल्या डिस्कवर मुख्य तुकडे चारच करता येतात. विंडोज मध्येच “डिस्क डायनॅमिक करू का?” असं विचारू लागलं तर नाही म्हणा.

तिसरं, लॅपटॉपवाल्यांसाठी. कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपवर अडकलो ते इथेच. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ (डिस्कला घातलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, मालकाला पत्ता नसतो. ते चालू असताना बूटच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ केली की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवून घ्या. मैत्रीण म्हणाली, “फोटो काढते ना मोबाइलवर.” म्हटलं, काढ, पण लिहूनही घे. तिच्याकडे आम्ही एन्क्रिप्शन बंदच केलं, दोन तास लागले, आणि मगच पुढे गेलो. लॅपटॉप घेऊन एसटीने फिरत असाल तर एन्क्रिप्शन बंद ठेवावं की नाही ते तुम्ही ठरवा. चोरीला गेला तर आतलं सगळं उघडं पडतं. माझा डबा टेबलाखाली असतो.

चौथं, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे. हे लोक सोडून देतात आणि महिन्याने मला फोन करतात. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या मनातलं अर्धं डिस्कवर लिहून ठेवून डुलकी घेतं, आणि डिस्कचं दार उघडंच राहतं. लिनक्सला ते दिसतं, आणि ते शहाण्यासारखं त्या डिस्कवर लिहायला नकार देतं: फाइल वाचता येते, पण सेव्ह होत नाही. दार उघडं असताना जबरदस्तीने लिहिलं तर फायली खराब होण्याची भीती. सोपा उपाय असा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा आणि टाइप करा: पॉवर हा शब्द, त्याला चिकटून सीएफजी, मग जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून एच, जागा, ऑफ. एंटर. काही उत्तर येत नाही, म्हणजे झालं. याने हायबरनेशन बंद होतं आणि फास्ट स्टार्टअपही. वर हायबरनेशनची काही जीबींची फाइल उडते ती वेगळी.

आता वाटणी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर उजवी क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. किती एमबी कमी करायचे विचारेल. मी ६० जीबी दिले, म्हणजे ६१४४०. मिंट (मी निवडलेलं लिनक्स) वीस जीबीतही बसतं, पण शंभर असावेत असं ते बनवणारेच म्हणतात. माझ्या फायली डी वर असल्यामुळे साठात चाललंय. काळी पट्टी आणि ‘अनॲलोकेटेड’ दिसलं की थांबा. तिथे विंडोजमधून नवा व्हॉल्यूम करायचा नाही. पडीक जमीन पडीकच राहू द्या.

श्रिंक करायला मागितली तेवढी जागा मिळत नसेल, तर विंडोजच्या काही जागा न सोडणाऱ्या फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशनची फाइल आता गेलीच आहे. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मधून रिस्टोअर पॉइंट काढा, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तात्पुरती बंद करा, रिस्टार्ट करा, परत प्रयत्न करा. पेजफाइल नंतर आठवणीने चालू करायची. लिनक्सचा इन्स्टॉलरही विंडोजचा तुकडा लहान करू शकतो, तरी मी ते विंडोजकडूनच करून घेते. घरातलं सामान कुठे आहे ते घरच्यालाच माहीत.

पेनड्राइव्ह

मी लिनक्स मिंट घेतलं, २२ ची मालिका, सिनॅमन नावाचं रूप. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मिस्टरांना दोन दिवस कळलंच नाही की हे वेगळं काहीतरी आहे. मशिन याहून अशक्त असेल तर त्याचंच एक्सएफसीई रूप घ्या. भाचा पुण्यात नोकरी करतो, तो म्हणाला, “आत्या, मिंट काय लावतेस, आर्च लाव.” त्याला म्हटलं, तू येऊन दर आठवड्याला दुरुस्त करणार असशील तर लावते.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (बसवायचा सगळा माल एकत्र बांधलेला गठ्ठा) उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यातलं सगळं पुसलं जाणार. विंडोजवर ‘रुफस’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं: वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ, पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’, टार्गेट ‘यूईएफआय’ आणि स्टार्ट. मध्ये काही विचारलं तर सुचवलेलाच पर्याय ठेवा. जुना पेनड्राइव्ह कुणाकडून मागून आणू नका. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने जुन्या लिनक्सच्या सुरुवातीच्या फायलींना सिक्युअर बूटमध्ये (खात्रीच्या सहीशिवाय काही सुरू होऊ न देणारी मशिनची सोय) मज्जाव केला होता, आणि लोकांच्या पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ येऊन मशिन बंद पडत होतं. ताजी आयएसओ घेतली की ही कटकट नाही. सिक्युअर बूट बंद करायचीही गरज नाही. मिंट आणि उबुंटू ते चालू असतानाही सुरू होतात.

मशिन रिस्टार्ट करताना बूट मेनूची कळ दाबत राहायचं. डेल, लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीत पेनड्राइव्हच्या नावापुढे ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडा. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या. ग्राफिक कार्डाचा रुसवा असतो.

आता जे दिसतं ते पेनड्राइव्हवरून चाललेलं लिनक्स. डिस्कवर अजून काही लिहिलेलं नाही. इथे अर्धा तास घालवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटरवर एक पान निघतं का. हार्ड डिस्क उघडून आपले फोल्डर दिसतात का. मी मराठी अक्षरंही इथेच तपासते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवून भारतातलं मराठी घ्यायचं. इनस्क्रिप्टवाल्यांना ‘एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना ‘कागपा’ आहे. मग एवढंच टाइप करा: ‘ॲड., दऱ्याखोऱ्या, सुऱ्या आणि सूर्या’. ॲ एकसंध दिसला आणि दऱ्यातला र रफार न होता अर्ध्या कोयरीसारखा आला, म्हणजे फॉन्ट मराठीच्या कामाचा.

काही लॅपटॉपवर इथे डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशिनची स्वतःची सेटिंग्ज) डिस्क इंटेलच्या ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ मोडवर असते. तिथे थेट ‘एएचसीआय’ केलं की विंडोज निळा पडदा दाखवतं. म्हणून क्रम असा: विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून बूटच्या पानावर ‘सेफ बूट’ला टिक, रिस्टार्ट, बायोसमध्ये एएचसीआय, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग टिक काढून परत रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या. बिटलॉकरची की इथेही जवळ लागते.

इन्स्टॉलर

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल क्लिक. भाषा, कीबोर्ड, मग ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची टिक, ती करा, नाहीतर गिऱ्हाइकाचा व्हिडिओ चालणार नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो पत्रिकेवर लिहा, एकदाच लागतो.

मग तो प्रश्न येतो ज्यासाठी सगळा खटाटोप. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’, ‘डिस्क पुसून बसवा’, ‘समथिंग एल्स’. मधल्या ओळीकडे बघूसुद्धा नका. पहिली ओळ वाईट नाही, पण तुकडे ती स्वतः ठरवते. मी ‘समथिंग एल्स’ घेते, कारण तिथे माझ्या पत्रिकेवरचा सातबारा आणि पडदा शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवता येते.

यादीत ‘फ्री स्पेस’ लिहिलेली ओळ शोधा. माझ्याकडे तिच्यापुढे ६४४२४ एमबी होते. घाबरू नका, विंडोज १०२४ ने मोजतं आणि हे १००० ने. जागा तेवढीच आहे. ती निवडून खालचं अधिकचं चिन्ह दाबा. साइज तशीच, ‘यूज ॲज’मध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फायली मांडायची पद्धत), ‘माउंट पॉइंट’मध्ये नुसती एक तिरकी रेघ, डावीकडून उजवीकडे वर जाणारी. ओके. वेगळा स्वॅप (रॅम कमी पडली की लागणारी जागा) तुकडा करू नका, मिंट स्वतःच स्वॅपची फाइल करून घेतं. ईएफआयचा १०० एमबीचा तुकडा दोघांत सामाईक असतो, आडासारखा. विंडोजचं फोल्डर त्यात आहेच, लिनक्स शेजारी आपलं एक करतं. त्याच्या फॉरमॅटच्या चौकोनात टिक नाही ना, एवढं बघा. त्या आडात लिनक्सने काय सोडलं ते नंतर बघाल तेव्हा नाव ‘मिंट’ नसून ‘उबुंटू’ दिसेल. बरोबर आहे ते. बूट मेनूमध्येही ‘उबुंटू’ हेच नाव येतं, आणि तिघांनीही मला त्यावरून फोन केला.

खाली बूटलोडर (मशिन लावल्यावर लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारा भाग) कुठे टाकायचा विचारतात. ज्या डिस्कवर विंडोजचा ईएफआय आहे तीच डिस्क ठेवा.

‘इन्स्टॉल नाउ’ दाबल्यावर एक छोटी खिडकी येते आणि कोणते तुकडे फॉरमॅट होणार त्याची यादी देते. २०१९ मध्ये मी ही खिडकी न वाचता पुढे ढकलली होती. आता मी ती मोठ्याने वाचते. फॉरमॅट होणारी ओळ एकच असायला हवी आणि तिच्यापुढे ईएक्सटी४ असायला हवं. दुसरी ओळ दिसली, तर ‘गो बॅक’. इथपर्यंत परत फिरता येतं, कारण डिस्कला अजून हात लागलेला नाही. ‘कंटिन्यू’नंतर नाही.

पुढे नकाशावर कोलकाता निवडा, भारताची वेळ त्या नावाने आहे. नाव, पासवर्ड, आणि चहा.

पहिली सुरुवात

‘रिस्टार्ट’ म्हटलं की पेनड्राइव्ह काढायला सांगतात. सिक्युअर बूटचा पासवर्ड ठरवला असेल तर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायला सांगतो. बसून राहा, चहा नंतर. कळ दाबा, ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि पत्रिकेवरचा पासवर्ड. हुकलं तर मशिन चालू होतं, पण बाहेरून घातलेले काही ड्रायव्हर चालत नाहीत.

मग ग्रबचा (लिनक्सचा बूटलोडर) मेनू: वर मिंट, खाली कुठेतरी ‘विंडोज बूट मॅनेजर’. बाण कळांनी निवडायचं. पहिल्या दिवशी दोन्ही एकेकदा उघडून बघा, आणि विंडोजमध्ये डोंगल लावून एक जुनी पत्रिका उघडा. ग्रब दिसतच नसेल आणि थेट विंडोज येत असेल तर बायोसच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर घ्या. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही कधीकधी हा क्रम बदलतो. लिनक्स गेलं म्हणून रडू नका, ते जागेवरच असतं. उलट ग्रबमध्ये विंडोज नसेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) टाइप करा: सुडो, जागा, अपडेट, छोटी आडवी रेघ, ग्रब. सगळी लहान लिपी. आपला पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपके दिसतील न दिसतील, टाइप होत असतो.

मिस्टरांना कॉम्प्युटर लावला की विंडोजच यायला हवं होतं. फाइल मॅनेजरमध्ये ‘फाइल सिस्टिम’, मग ईटीसी, मग डिफॉल्ट; रिकाम्या जागी उजवी क्लिक, ‘ओपन ॲज रूट’, आणि ग्रब नावाची फाइल उघडा. ‘ग्रब डिफॉल्ट’ची ओळ आहे, तिच्यापुढे शून्य. मेनूमध्ये विंडोज कितवं ते वरून मोजा, पण मोजणी शून्यापासून: पहिली ओळ शून्य, दुसरी एक. तो आकडा घाला, सेव्ह करा, परत अपडेट-ग्रब.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. मशिनमधलं घड्याळ लिनक्स ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज तेच इथली वेळ समजतं. मला हे कळलं ते सकाळी नऊला केलेल्या बिलावर पहाटे साडेतीनची वेळ उमटली तेव्हा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये: टाइम, डेट, सीटीएल सगळं सलग, जागा, सेट, लोकल, आरटीसी, मध्ये आडव्या रेघा, जागा, १. शुद्धतावादी लोक विंडोजलाच बदलायला लावतात, पण त्यासाठी रजिस्ट्रीत शिरावं लागतं. मी शिरत नाही.

दोन्ही बिऱ्हाडं नीट चालतात याची खात्री पटली की मगच विंडोजमधलं इंटरनेट तोडा. ‘नेटवर्क कनेक्शन्स’मध्ये ॲडॅप्टरवर उजवी क्लिक, ‘डिसेबल’. लिनक्समध्ये तीच वायर चालू राहते. फायलींची देवघेव डी वरून. तिथे ‘आलेलं’ नावाचं एक फोल्डर केलंय: लिनक्समधून गिऱ्हाइकाचे फोटो त्यात टाकायचे, विंडोजमध्ये जाऊन उचलायचे.

नको झालं तर

तिघांपैकी एकाने दोन महिन्यांत लिनक्स काढलं, आणि नुसता तुकडा उडवून काढलं. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’. ग्रबचा आवश्यक भाग त्या तुकड्यात होता, तो गेल्यावर बिचाऱ्याला पुढे जायला वाट नाही. विंडोज जिवंत होतं. बूट मेनूची कळ दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायला सांगितलं आणि दुकान उघडलं. तर क्रम असा: आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर, विंडोज सरळ उघडतंय याची खात्री, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएक्सटी४चा तुकडा डिलीट. विंडोजला तो निनावी दिसतो, पत्रिकेवरच्या मापावरून ओळखायचा. शेवटी सी वर उजवी क्लिक करून ‘एक्स्टेंड’.

बसवलेला पेनड्राइव्ह पुसून गाणी भरायला देऊ नका. काही बिघडलं तर आत शिरायचं दार तेच आहे. माझा डोंगलच्या डबीत असतो, त्याच्याभोवती ती पत्रिका गुंडाळून रबर लावलंय. पुढच्या बाजूला २०१८ सालचं कुणाचं तरी शुभमंगल आहे, वधूच्या नावात ऊकार चुकलेला, म्हणून रद्दीत गेलेलं.